ब्युरोचं नाव नको, वही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या चार महिन्यांत आमच्या त्रिमूर्तीनगर भागातल्या तीन घरांतून, घरी रुग्णसेवेला बाई पुरवणाऱ्या ब्युरोबद्दल मला एकच विचारणा झाली. 'तुमच्या आईकडे कुठल्या ब्युरोची बाई यायची? नंबर द्या ना.' पहिल्या दोघांना मी नंबर देऊन टाकला. तिसऱ्या घरी काका लकव्याने अंथरुणाला खिळलेले, मुलगा पुण्यात नोकरीला, घरात सत्तरीच्या काकू एकट्या. त्यांना नंबर पाठवायला फोन उघडला आणि हात थांबला. ज्या ताईमुळे तो ब्युरो मला चांगला वाटत होता, ती ताई आता तिथे कामाला नाही. तिच्या जागी कोण येईल, तिला काय येत असेल, मला काहीच ठाऊक नाही. मग मी लोकांना नंबर तरी कशाचा देत होतो? त्या काकूंकडे जाऊन दीड तास जे बोललो, तेच इथे लिहितो आहे. पत्र लांबलं आहे, तरी पूर्ण छापावं अशी विनंती.

मी रेल्वेत तेहतीस वर्षं काम करून अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून, म्हणजे रेल्वे इंजिनं तपासतात तिथून, निवृत्त झालो. ऑगस्ट २०२२ मध्ये आईला लकवा मारला. वय ८४. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. साखरेचा आजार आधीपासून होताच. सतरा दिवसांनी सुट्टी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'घरी केअरटेकर ठेवा.' कशी ठेवायची, तिला काय विचारायचं, ते कोणी सांगितलं नाही. वॉर्डातल्या एकाने खिशातून एक कार्ड काढून दिलं. फोन लावला. 'ट्रेंड सिस्टर आहे, व्हेरिफाइड आहे, सातपर्यंत पोचते.' मी एवढंच विचारलं की किती घ्याल. दिवसाची एक आणि रात्रीची एक, दर ड्युटीला ७५० रुपये, म्हणजे महिन्याचे ४५ हजार. वर तीन हजार नोंदणी फी. सगळं रोख, पावती नाही. पेन्शनमध्ये भागेना, अर्धे मुलगी पाठवायची.

शेडमध्ये इंजिन एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना लॉग बुक सोबत जातं. लोको पायलटला वाटेत जे खटकलं ते तो त्यात लिहितो, शेडमध्ये काय तपासलं, काय बदललं ते आम्ही लिहायचो आणि खाली सही करायचो. वर्षानुवर्षं मी हे केलं. आणि माझी आई रोज सकाळी आठला आणि रात्री आठला एका बाईच्या हातून दुसरीच्या हाती जात होती, तेव्हा दोघींमध्ये दारात चपला घालता घालता 'ठीक आहे आजी' एवढंच बोलणं व्हायचं. ते मी रोज ऐकत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, याचं दुःख आजही आहे.

अकरा आठवड्यांत आमच्याकडे नऊ बाया आल्या. कोणी दोन दिवस, कोणी दोन आठवडे. सहावीने एका रात्री आईला सपाट झोपवूनच नळीतून दूध दिलं. आई खोकली, सकाळपर्यंत धाप लागली, दुपारी ताप चढला. धंतोलीतल्या दवाखान्यात आठ दिवस काढले. दूध फुप्फुसात गेलं होतं. मी त्या बाईला खडसावायचं ठरवूनच घरी आलो होतो. ती दाराशी उभी राहून रडत होती. म्हणाली, 'काका, मले कोनी शिकवलंच नाई. ब्युरोतून फोन आला, ड्रेस देला अन् पाठवलं.' महिनाभरापूर्वीपर्यंत ती एका मेसमध्ये पोळ्या लाटत होती. तिच्यावर मला रागावता आलं नाही. जिने तिला ड्रेस घालून आमच्याकडे पाठवलं त्या संस्थेला फोन केला, तर उत्तर आलं, 'दुसरी पाठवतो.'

नळीने भरवताना डोक्याची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी. आधी नाकाजवळची नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघायचं, दूध सावकाश सोडायचं, मग थोडं साधं पाणी, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही. शिकवायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कोणी दिली नाहीत.

त्याच दवाखान्यात दुसरी गोष्ट कळली. तिथल्या सिस्टरने आईला कुशीवर वळवलं आणि मला जवळ बोलावलं. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. घरात आम्ही दोघं दिवसभर असूनही आम्हाला पत्ता नव्हता, कारण अंग पुसायचं काम दार लावून त्या बाया करायच्या आणि आईची अब्रू म्हणून मी आत जात नसे. माझ्या बायकोला गुडघ्यांमुळे आईला वळवणं जमायचं नाही, म्हणून तीही बाहेरच. वाचकांना हात जोडून सांगतो, घरातल्या एका माणसाने दिवसातून एकदा रुग्णाची पाठ, खुबे आणि टाचा स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्याच. जखम एका दिवसात होत नाही. आधी लाल डाग दिसतो आणि बोटाने दाबून सोडला तरी तो पांढरा पडत नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा हाताला ती जागा गरम किंवा कडक लागते का ते बघावं. तिथेच थांबवता येतं. दर दोन तासांनी कूस बदलणं हा त्यावरचा उपाय, आणि तो रात्री दोन वाजताही तितकाच लागू असतो.

घरी आल्यावर आणखी एक प्रसंग घडला. दवाखान्यात इन्सुलिन बदलून दिलं होतं. आधीची बाटली ४० युनिटची होती, नवी १०० युनिटची. जुन्या सिरिंजा, लाल टोपणाच्या, डब्यात उरलेल्या होत्या. नव्या बाईने त्यातलीच एक काढून बारा या खुणेपर्यंत औषध भरलं. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी असते, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची लागते. म्हणजे बाराच्या जागी तीस युनिट आईच्या अंगात गेले असते, अडीच पट. बायको नेमकी पाणी द्यायला आत गेली आणि टोपणाचा रंग तिच्या लक्षात आला, म्हणून टळलं. त्या बाईला आम्ही 'सिस्टर' म्हणत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारला. तिला अशी काही नोंदणी असते हेच ठाऊक नव्हतं. नर्स व्हायचं तर एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, आणि त्यानंतर कौन्सिलची नोंदणी. केअरटेकरचं काम वेगळं आहे, मोलाचं आहे, त्यासाठी जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एडचं प्रशिक्षण असतं. पण केअरटेकरला सिस्टर म्हणून पाठवणं ही फसवणूक आहे आणि तिच्या हातात इन्सुलिन देणं हा धोका आहे.

डिसेंबरमध्ये आम्ही संस्था बदलली. पैसे जवळपास तेवढेच. फरक पहिल्याच दिवशी दिसला. बाई पाठवण्याआधी त्यांची नर्स घरी आली. न विचारता स्वतःची नोंदणी दाखवली. पलंगाची उंची बघितली, बाथरूमचा उंबरठा बघितला, औषधांचा डबा उलटा करून एकेक पट्टी वहीत उतरवली, लाल टोपणाच्या सिरिंजा बाहेर काढून आमच्याच हाताने फेकायला लावल्या. आई बोलू शकत नव्हती, तरी तिच्याशी बोलली, 'आजी, मी आता तुम्हाला वळवते हं.' मग मला म्हणाली, 'आमची ताई इन्सुलिन देणार नाही. नळी निघाली तर ती पुन्हा घालणार नाही. त्यासाठी मला फोन करायचा, मी किंवा दुसरी नर्स येईल.' आधीच्या संस्थेने प्रत्येक गोष्टीला 'हो, करेल ना' म्हटलं होतं. ही पहिली होती जिने काय करणार नाही ते सांगितलं, आणि माझा विश्वास तिथे बसला.

तिनेच आमच्याकडून दोनशे पानी वही आणवली. वेळ, कूस कुठली, दूध किती मिली, लघवी किती, साखर किती, कातडीची अवस्था, औषध कोणी दिलं. खाली दोन सह्या, जाणारीची आणि येणारीची, आणि दोघींनी मिळून पाठ बघितल्याशिवाय सही करायची नाही. शेडमधलं लॉग बुक माझ्या आईच्या उशाशी आलं, ते एका नर्सने आणलं.

आता वही म्हटली की काही जण 'आमच्याकडे आहे ना वही' म्हणतील. ती वाचावी लागते. पहिल्या काही दिवसांत रात्रीच्या ताईने लिहिलेलं पान असं होतं : १० वाजता ठीक, १२ ला ठीक, २ ला ठीक, ४ ला ठीक. एकच पेन, एकच तिरपं अक्षर, ओळी आखल्यासारख्या. असं पान सकाळी सहाला एका बैठकीत भरलेलं असतं. खरं पान वाकडंतिकडं असतं. 'रात्री २:२०, उजवी कूस, आजी कण्हत होती, डावी टाच लाल, खाली उशी दिली.' वेळ कधी दोन-वीस, कधी तीन-पाच. मे २०२३ मधली एक नोंद मला पाठ आहे. दुपारी ३:४०, 'लघवी गडद, दीडशेच झाली.' नागपूरचा मे महिना, बाहेर ४४, कूलर चालू, एअर मॅट्रेसच्या, म्हणजे पंपाने हवा भरणाऱ्या गादीच्या, प्लास्टिकवर आईचं अंग घामाने भिजलेलं. त्या दीडशेच्या आकड्यावरून ताईने मला उठवलं, मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी नळीतून पाणी वाढवायला सांगितलं. दोन दिवसांनी उन्हाने सलाईन लागलं असतं ते वाचलं. संस्थेची गुणवत्ता मला अशा ओळींतच दिसली.

एअर मॅट्रेसवरून एक सांगायचं राहतं. तिच्या पंपाची पिन साध्या बोर्डात असेल तर लाइट गेल्यावर गादी हळूहळू बसते आणि माणूस फळीवर झोपल्यासारखा होतो. पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. वीज फार लागत नाही. मी विजेचा माणूस असून हे मला चौथ्या महिन्यात सुचलं.

सुरक्षिततेचा विषय निघाला की लोकांच्या मनात आधी चोरी येते. कॅमेरा लावू का, असं त्या काकूंनीही विचारलं. लावायचा तर बाईला सांगून लावा, अंग पुसताना आणि कपडे बदलताना तो बंद हवा, आणि त्यावर फार विसंबू नका, कारण पाठीवरची जखम कॅमेऱ्यात दिसत नाही. पोलीस पडताळणी मात्र मागाच. पहिल्या ब्युरोने मला व्हॉट्सअ‍ॅपवर आधार कार्डाचा फोटो पाठवून 'व्हेरिफाइड' म्हटलं होतं. आधार कार्डाने माणसाची ओळख पटते. चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून होते, तिचा कागद वेगळा असतो.

आणि एक गोष्ट आहे जी ग्राहक म्हणून आपण विचारत नाही. पहिल्या ब्युरोची रात्रीची एक बाई तीन वाजता खुर्चीत गाढ झोपलेली मी स्वतः पाहिली. सकाळी विचारलं तेव्हा कळलं, दिवसा मनीषनगरात दुसऱ्या घरी ड्युटी, रात्री आमच्याकडे, असे सहा दिवस झाले होते. ब्युरोच पाठवत होता. आम्ही दिलेल्या ७५० पैकी तिच्या हातात ४५० पडायचे, सुट्टी घेतली की तेही नाही. साकोलीकडची, दोन मुलं आईजवळ ठेवून आलेली. चोवीस तास जागी असलेली बाई दर दोन तासांनी कूस बदलेल, अशी अपेक्षा ठेवणंच चूक होतं. दुसऱ्या संस्थेची ताई पंधरा महिने टिकली, कारण तिला आठवड्याची सुट्टी होती, पगार बँकेत जमा व्हायचा, आणि मी तिला काय मिळतं हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं. संस्था निवडताना हा प्रश्न विचाराच, आणि सहा महिन्यांत किती बाया सोडून गेल्या तेही. उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडून आपल्या रुग्णाला रोज नवा हात मिळणार. आपल्या घरातही तिला बसायला, आडवं व्हायला जागा, गरम जेवण आणि उन्हाळ्यात कूलरचा वारा मिळालाच पाहिजे. रात्री आठला बदली होणार असेल तर ती परत कशी जाणार, हेही आपणच बघायचं आहे.

संपादक महोदय, आता सरकारबद्दल. आमच्या अपार्टमेंटच्या गेटवर जो गार्ड बसतो, तो पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागतो. गार्डचं प्रशिक्षण आणि चारित्र्य पडताळणी त्या कायद्यात आहे. दवाखान्याला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, २०२१ च्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली. पण ती सगळी दवाखान्यातल्या खाटांसाठी. आमच्या मागच्या खोलीतली खाट त्यात बसत नाही. बोलता न येणाऱ्या ८४ वर्षांच्या बाईच्या नळीत दूध सोडणाऱ्याला पाठवणारी संस्था मात्र एक फोन आणि एक व्हिजिटिंग कार्ड यांवर चालते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा, सेवकांचं प्रशिक्षण आणि पोलीस पडताळणी हे सगळं त्यात होतं. ते मंजूर झालं नाही. २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक तिथेच संपलं. आपल्या विदर्भातल्या खासदारांनी ते पुन्हा मांडायला लावावं, पक्ष कुठलाही असो.

दिल्लीत व्हायचं ते होईल, पण आपल्या महापालिकेला त्याची वाट बघायची गरज नाही. दहाही झोनमध्ये आरोग्य विभाग आहे. झोनमधल्या ब्युरोंची यादी करावी, त्यांच्याकडे नोंदणीकृत नर्स आहे का, प्रशिक्षण कुठे दिलं, तक्रार कोणाकडे करायची, एवढं लिहून घ्यावं आणि ती यादी लोकांना बघता यावी. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या सरकारी रुग्णालयांत सुट्टी देताना नळीवरच्या रुग्णाच्या घरच्यांना पंधरा मिनिटं हाताने करून दाखवावं. तोपर्यंत आपण निदान पावती मागू या. पावती असली तर २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीदेखील नाही. माझ्याकडे पावती नव्हती, म्हणून त्या आठ दिवसांच्या दवाखान्याचा जाब मी कोणाला विचारू शकलो नाही. वृद्धाचा छळ होत असल्याचं दिसलं तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, तो घरातल्या फोनजवळ लिहून ठेवावा.

आई मार्च २०२४ मध्ये गेली. शेवटच्या पंधरा महिन्यांत तिच्या पाठीवर एकही नवी जखम झाली नाही. जुनी जखम भरायला साडेतीन महिने लागले, त्याची रोजची नोंद पहिल्या वहीत आहे. एकूण चार वह्या झाल्या. त्यातल्या पानासारखं एक कोरं पान मी मराठीत तयार केलं आहे. आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे त्याची मूळ प्रत ठेवली आहे, कोणीही मागून घ्यावी. महापालिकेच्या कोणा अधिकाऱ्याला यादीचा नमुना करायचा असेल, तर मी चारही वह्या घेऊन यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
त्रिमूर्तीनगर, नागपूर